हयातीच्या दाखल्यात न मावणारे

दर नोव्हेंबरात नाशिकरोडच्या बँकांपुढे शटर वर जाण्याआधीच माणसे जमू लागतात. छापखान्यातून निवृत्त झालेले कामगार, रेल्वेतले, शाळामास्तर, त्यांच्या विधवा. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले आणि अंगठा यंत्रावर टेकवून काम भागू लागले. २०२१ पासून मोबाइलपुढे चेहरा धरला तरी चालते. रांग आखूड झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रश्न तोच राहिला. पेन्शन देणाऱ्याला एवढेच हवे असते : माणूस आहे, की नाही? कितपत आहे, हे विचारण्याचे त्याला कारण नाही.

ते विचारण्याचे कारण आहे घरच्यांना, आणि घरच्यांना तो प्रश्न कसा विचारावा हेच ठाऊक नसते. मी बँकेत असताना सही करू न शकणाऱ्या खातेदारांचा अंगठा घ्यायला घरोघर जावे लागे. नियम असा, की अंगठ्याच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या ठशाला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. जुने नाशिक, पंचवटी, सिडको, कितीतरी मागच्या खोल्यांत मी शाईचे पॅड घेऊन गेलो. कॉटवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलेले असे. मुलगा हमखास म्हणे, "तसं काही नाही साहेब, फक्त विसरतात." मी त्या हाताकडे पाहत असे. मूठ वळलेली, बोटे तळव्यात रुतलेली, अंगठा सोडवून घ्यायला दोघे लागत. हे 'फक्त विसरणे' नव्हे, एवढे बँकेच्या माणसालाही कळत होते.

स्मृतिभ्रंश हा स्मृतीचा आजार आहे, ही समजूत त्याच्या नावातच आहे. आपल्या बोलीतले शब्दही तेच सांगतात : म्हातारचळ, विसरभोळेपणा, साठी बुद्धी नाठी. सगळे बुद्धीविषयी. शरीरासाठी आपल्याकडे 'अंथरुणाला खिळणे' आणि 'पिकलं पान' एवढेच काय ते आहे; मधल्या पायऱ्यांना नावे नाहीत. २०१३ च्या 'अस्तु' चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी संस्कृतचा एक पंडित दाखवला. मोहन आगाशे यांनी तो उभा केला. हत्तीच्या मागे चालत जाणारा तो वृद्ध मराठी प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिला. पण तो चालत होता. त्यानंतरची वर्षे, ज्यांत चालणे, बसणे, गिळणे एकेक करून जाते, ती ना पडद्यावर येतात ना बातमीत. बातमीत येतात नवी औषधे. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ साली. दोन्ही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. ज्यांच्या घरी तो टप्पा दहा वर्षांपूर्वी उलटला, त्यांनी त्या बातमीचे काय करावे?

आणि अशी घरे थोडी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढच्या भारतीयांत या आजाराचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

या आजाराची पहिली नोंदलेली रुग्ण कशाने गेली, हे फार कोणाला माहीत नसते. ऑगुस्टे डीटर ही बाई १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाली, तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे लिहून ठेवले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि त्याच नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत अल्झायमरांनी त्यावर निबंध वाचला. तो मेंदू पाठ्यपुस्तकांत गेला. बाईचा जीव मात्र शय्याव्रणातून रक्तात भिनलेल्या विषाने घेतला होता. शेवटी ती अंथरुणात पाय पोटाशी घेऊन पडून असे. म्हणजे आजाराला नाव मिळण्यापूर्वीच त्याचा शेवट कसा होतो ते डॉक्टरांच्या टिपणात आलेले होते.

पुढे न्यूयॉर्कच्या बॅरी रीसबर्ग यांनी या उतरणीच्या पायऱ्या मांडल्या. सहाव्या पायरीवर कपडे घालणे, अंघोळ, मग लघवी-शौचावरचा ताबा जातो. सातवी पायरी सर्वांत लांब आणि तिच्यातही क्रम आहे. आधी बोलणे पाच-सहा शब्दांवर येते, मग एका शब्दावर. मग चालणे जाते. मग आधाराशिवाय बसणे. मग हसू. सर्वांत शेवटी मान सावरणे. तान्हे मूल ज्या क्रमाने शिकते, मान, हसू, बसणे, चालणे, बोलणे, तोच हा क्रम उलटा. 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. तिच्यात एवढा काटेकोर हिशेब असेल असे वाटले नव्हते. फरक असा, की मुलाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला होते आणि तक्त्यावर टिंब पडते. टिंब खाली घसरले की अंगणवाडीताई घरी येते. आजीच्या वजनाचा तक्ता या देशात कुठेच नाही.

माझी आई नव्वदीत आहे आणि आजाराला बारावे वर्ष चालू आहे. बँकेतल्या सवयीने मी एक वही ठेवली. तिच्यात भावना नाहीत, रकाने आहेत : जेवायला लागलेली मिनिटे, किती खाल्ले, लघवी, शौच, झोपेचे तास, दंडाचा घेर. उभे राहता येईना तेव्हा वजनकाट्याचा उपयोग संपला. मग शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध माप घ्यायचे, दर महिन्याच्या एक तारखेला, तोच हात, तीच जागा. दोन वर्षांत तेवीस सेंटिमीटरचे साडेएकोणीस झाले. रोज पाहणाऱ्याला हे दिसत नाही. काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत चढू लागल्या तेव्हा बहिणीला, जी चार महिन्यांनी पुण्याहून आली होती, ते दारातच दिसले. लांबून येणाऱ्याच्या नजरेला घरचे लोक सहसा रागावतात. खरे तर ती नजर जपून ठेवावी अशी असते, कारण जवळच्या माणसाचा डोळा रोज थोडाथोडा सरावत जातो.

जेवणाची मिनिटे हा माझ्या मते सर्वांत बोलका रकाना. वीस मिनिटांची वाटी पंचावन्न मिनिटांवर गेली. घास गालात धरून ठेवणे, चावत राहणे पण न गिळणे, पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घशातून येणारा ओलसर, घरघरता आवाज. पाणी सर्वांत पातळ म्हणून सोपे, असे आपल्याला वाटते. गिळण्याचे स्नायू ढिले झाले की पाणीच सर्वांत आधी श्वासनलिकेत जाते. पेज, खिमट, मऊ शिरा जातो, पाणी जात नाही. छातीत कफ होऊन न्यूमोनिया झाला, की घरचे गारठ्याला दोष देतात, आणि नाशिकचा जानेवारी त्याला निमित्तही पुरवतो. मूळ पुष्कळदा ताटात असते.

आईकडे दिवसा येणाऱ्या मावशी फारशा शिकलेल्या नाहीत. एकदा त्या म्हणाल्या, "दादा, आजी आता रात्रीची कूस आपली आपण वळत नाहीत. सकाळी उशीवर खळगा एकाच बाजूला असतो." डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी तपासणी थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. कूस बदलणे थांबले म्हणजे माकडहाड, टाचा, घोटे, कानाची पाळ येथे कातडी दबून राहणार. दाबल्यावरही न फिटणारा लालसरपणा ही व्रणाची पहिली खूण. दर दोन तासांनी कूस बदलायचे वेळापत्रक त्या उशीच्या खळग्यावरून सुरू झाले. बारा तासांच्या पाळीला मावशींना मिळणारे पैसे आणि त्यांच्या डोळ्यांची किंमत यांचा मेळ बसत नाही. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

दुखणे सांगता येत नाही, म्हणून दुखत नाही असे नव्हे. त्यासाठी २००३ साली एक साधी मोजपट्टी तयार झाली : श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होते की नाही, या पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. डॉक्टर लागत नाही, पाच मिनिटे लागतात. अंग पुसताना कपाळाला आठी पडते, पाय आखडतो, कण्हणे येते, हे सगळे 'चिडचिड' या एका शब्दात बुडते आणि मग झोपेचे औषध सुरू होते. त्या औषधाने गिळणे आणखी मंदावते.

आता मुद्द्याची गोष्ट. उतरण दोन प्रकारची असते आणि सगळा घोटाळा त्या दोहोंची सरमिसळ करण्यात आहे. महिन्या-महिन्यांनी होणारा बदल हा बहुधा मूळ आजाराचा. तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झालेला बदल हा बहुधा नव्या दुखण्याचा, आणि ते दुखणे पुष्कळदा बरे होण्यासारखे असते. गेल्या वर्षी आई एका दिवसात गुंगीत गेली. ताप नाही, खोकला नाही. या वयात जंतुसंसर्गाला ताप येतोच असे नाही. लघवीत संसर्ग निघाला, पाच दिवसांच्या औषधाने ती पुन्हा डोळे उघडून बघू लागली. मूत्रमार्गाचा संसर्ग, छातीचा संसर्ग, आठ दिवसांचा मलावरोध, पाणी कमी पडणे, नवे औषध, किडका दात, न कळलेला अस्थिभंग, एवढी यादी तपासून झाल्याशिवाय 'आता वय झालं' हे वाक्य कोणी उच्चारू नये.

परंतु तिसरेही एक ज्ञान आहे आणि ते वहीशिवाय मिळत नाही. असे झटके जवळ जवळ येऊ लागतात, आणि प्रत्येकातून उठल्यावर माणूस आधीच्या पायरीपर्यंत परत येत नाही. वर्षाला एक संसर्ग होता, तो तीन महिन्यांनी येतो. पाच दिवसांत सावरणारी आता तीन आठवडे घेते. एकेक झटका पाहिला तर तो बरा झालेला दिसतो. ओळ पाहिली तर ती खाली जात असते. बँकवाल्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. रिझर्व्ह बँकेने १९८५ साली कर्जखात्यांना 'हेल्थ कोड' द्यायला लावले, तरी बुडीत खात्यांवर व्याज आकारून ते उत्पन्न म्हणून दाखवणे चालूच होते. नरसिंहम समितीनंतर १९९२ मध्ये नियम आले, तेव्हा ताळेबंद एकदम आजारी दिसू लागले. आजार जुनाच होता, नाव नवे मिळाले.

'वय झालं' आणि 'काहीही करा, पण करा' ही एकाच अज्ञानाची दोन रूपे. पहिले पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर सापडते, जिथे लघवीची तपासणी करायला दिवस मोडावा लागतो. दुसरे गंगापूर रोडच्या सदनिकेत, जिथे विम्याचे कार्ड तयार असते. पहिल्यात बरे होण्याजोगे माणूस जाते. दुसऱ्यात न बरे होणारे माणूस हातपाय बांधून अतिदक्षता विभागात जाते. कोणते वाईट, ते मला ठरवता येत नाही.

मोठ्या माणसांचे शेवटही याच वाटेने गेले. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवले, १९७४ च्या मे महिन्यात देशाची रेल्वे थांबवली. पुढे अल्झायमरने त्यांना गाठले. २०१० साली त्यांचा ताबा कोणाकडे असावा, त्यांना कोणी भेटावे, यावरून पत्नी आणि भावांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. त्या बातम्यांत हक्क होता, मालमत्ता होती, भेटीच्या वेळा होत्या. त्यानंतरची वर्षे शांततेत गेली आणि २९ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. स्वाइन फ्लू हे निमित्त झाले असे छापून आले. अटलबिहारी वाजपेयींना २००९ साली पक्षाघात झाला, नंतर वृत्तपत्रांनी स्मृतिभ्रंशाचा उल्लेख केला. ११ जून २०१८ रोजी ते 'एम्स'मध्ये दाखल झाले ते मूत्रमार्गाचा संसर्ग आणि छातीतल्या कफामुळे. १६ ऑगस्टला गेले. रोनाल्ड रेगन यांनी ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पत्र लिहून देशाला आजार कळवला, २००१ मध्ये खुबा मोडला, जून २००४ मध्ये न्यूमोनियाने ते गेले. छाती, मूत्रमार्ग, हाड, पाठ. दारे ठरलेली आहेत.

याचा सर्वांत स्पष्ट अभ्यास सुसान मिचेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. बॉस्टन परिसरातील २२ शुश्रूषागृहांतील, आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले ३२३ रुग्ण त्यांनी दीड वर्ष पाहिले. निम्म्याहून अधिक, ५४.८ टक्के, त्या काळात वारले. ८५.८ टक्क्यांना खाण्याची अडचण आली. ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांतले जवळजवळ निम्मे सहा महिन्यांत गेले. वारलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांना शेवटच्या तीन महिन्यांत इस्पितळात हलवणे, शिरेतून औषध किंवा नळीने अन्न असे त्रासदायक उपचार झाले होते. मात्र ज्या घरच्यांना पुढे काय येणार हे कळलेले होते, त्यांच्या माणसाच्या वाट्याला हे फारच कमी आले. औषध तेच, रोग तोच. फरक पडला तो कळण्याने.

नाकातल्या नळीचेही असेच. माणूस खाईना की नळी, हे आपल्याकडे आपोआप घडते, कारण उपाशी ठेवले असे कोणी म्हणू नये. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो याला पुरावा नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्टच सांगितले, की नळीऐवजी हाताने, माणूस घेईल तेवढे, त्याच्या गतीने भरवावे. चार चमचे तर चार चमचे. पण चार चमचे भरवायला पंचावन्न मिनिटे बसणारे माणूस लागते, आणि नळीला दहा मिनिटांचे. इथे वैद्यकशास्त्र संपते आणि घरचा हिशेब सुरू होतो.

सरकारचा हिशेब पाहा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण दिले. स्वागतार्हच आहे. पण ते भरती झाल्यावरचे. अंगाखालची हवेची गादी, मावशी, डायपर, घरी येणारी परिचारिका, हे त्यात बसत नाही. म्हणजे ज्या रुग्णाने शेवटचे दिवस घरी राहावे असे शास्त्र सांगते, त्याला योजना इस्पितळाकडे ढकलते. केरळने दुसरी वाट धरली : १९९३ साली कालिकतमध्ये वेदनाशमनाची संस्था उभी राहिली, शेजारपाजारचे स्वयंसेवक परिचारिकेबरोबर घरी जाऊ लागले, आणि २००८ साली राज्याने उपशामक सेवेचे धोरणच केले. महाराष्ट्राच्या सरकारी उपक्रमात नाशिक सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी होते. १९९८ पासून साऱ्या राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही याच गावात आहे. पण आमच्या गल्लीत उपशामक सेवा म्हटले की लोकांना अजून कर्करोगच आठवतो, आणि अल्झायमरच्या घरी कोणी येईल ही कल्पनाच नसते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत. हरवलेल्या म्हाताऱ्यांसाठी मंडपही लागेल, दर वेळी लागतो. घरात असूनच हरवलेल्यांसाठी आशाताईच्या पिशवीत एक मोजपट्टी आणि एक छापील तक्ता घालायला पूल बांधण्याइतका खर्च येत नाही.

कायदा थोडा पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी इच्छापत्रासारखे आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी आपले स्वतःचे निर्देश नोंदवले. माझ्या आईला हे करता येणार नाही. सही गेली त्याच्या कितीतरी आधी समज गेली. तिच्यासारख्यांसाठी डॉक्टरांची दोन मंडळे आणि कुटुंबाची संमती असा मार्ग आहे, पण तो इस्पितळात असलेल्या रुग्णाचा. घरी असलेल्या रुग्णाबाबत घरचे आणि कुटुंबाचा डॉक्टर यांनीच बसून ठरवायचे असते : पुढचा न्यूमोनिया झाला तर गोळ्या घरी, की रुग्णवाहिका? तो प्रश्न न्यूमोनियाच्या रात्री विचारला तर उत्तर भीती देते. आम्ही तो एका शनिवारी दुपारी, आई झोपलेली असताना विचारला. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या वहीवरून सांगतो," आणि त्यांनी सांगितले.

शेवटी पुन्हा दाखलाच लागतो, या वेळी मृत्यूचा. इस्पितळातल्या मृत्यूसाठी नमुना चार, घरातल्या मृत्यूसाठी चार-अ. त्यात तात्काळ कारण आणि त्यामागचे मूळ कारण असे वेगळे रकाने असतात. २०२० च्या अहवालाप्रमाणे देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली मृत्यूच्या कारणांत स्मृतिभ्रंश पहिल्या क्रमांकावर होता, ११.४ टक्के, तिथे मूळ कारणाचा रकाना भरला जातो म्हणून तो दिसला. आपल्याकडे पहिल्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' लिहिले जाते, दुसऱ्या ओळीत 'वार्धक्य', आणि तिसरी ओळ कोरी राहते.